चकवा लागला, तर आधी बसा

रायपूरच्या मराठी घरांत वाढलेल्या मुलांना रानात हरवण्याच्या दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक घरातली, दुसरी शेजारची.

घरातली गोष्ट चकव्याची. माझी आजी विदर्भातली, लग्न करून तात्यापाऱ्यात आली. तिच्या गोष्टीत एक माणूस बाजार करून संध्याकाळी गावाकडे निघायचा. अंधार पडायचा आणि त्याला चकवा लागायचा. चालून चालून पाय दुखायचे, पण तीच बाभूळ पुन्हा समोर यायची. मग तो काय करायचा? पळायचा नाही. गाठोडं खाली ठेवायचा, चपला काढून उलट-सुलट घालायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहायचा. सकाळी बघतो तर गाव हाकेच्या अंतरावर!

शेजारची गोष्ट भूलन कांद्याची. छत्तीसगडच्या खेड्यांत सांगतात, की रानात भूलन नावाची एक वनस्पती असते. तिच्यावर पाय पडला की माणूस वाट विसरतो आणि तिथल्या तिथे भटकत राहतो. दुसऱ्या कुणीतरी येऊन त्याला हात लावला, की तो भानावर येतो. संजीव बख्शी यांची 'भूलन कांदा' ही हिंदी कादंबरी याच समजुतीवर उभी आहे. तिच्यावरून मनोज वर्मा यांनी 'भूलन द मेझ' हा सिनेमा केला आणि त्याला 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत छत्तीसगढी भाषेतल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाचा मान मिळाला.

लहानपणी या दोन्ही गोष्टी मला भुताच्या वाटायच्या. आता वाटतं, आपल्या पूर्वजांनी त्यांत हरवलेल्या माणसासाठी दोन सूचना जपून ठेवल्या आहेत. चकवा सांगतो, बसून राहा. भूलन सांगतो, कुणीतरी तुझ्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. आज शोध आणि बचावाचं काम करणारी माणसं वेगळ्या शब्दांत साधारण हेच सांगतात.

माणूस गोल का फिरतो?

चकव्यातली तीच ती बाभूळ ही नुसती कल्पना नाही. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. 2009 मध्ये ते 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात छापून आले. त्यांनी काही जणांच्या अंगावर जीपीएस बांधलं, जर्मनीतल्या घनदाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात त्यांना सोडलं आणि काही तास सरळ चालत राहायला सांगितलं.

सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातली माणसं गोल फिरू लागली. आपण मघाचीच वाट ओलांडतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधून चालायला सांगितलं, तेव्हा तर काहींनी 20 मीटरपेक्षाही लहान घेर धरला.

एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असतो म्हणून असं होतं, असा एक जुना समज आहे. या प्रयोगात त्याला आधार मिळाला नाही. झालं असं, की 'सरळ म्हणजे कुठे' याचा मेंदूचा अंदाज प्रत्येक पावलाला थोडा थोडा ढळतो. दूरचा डोंगर, सूर्य, चंद्र असं काही समोर असलं तर तो अंदाज पुन्हा जागेवर येतो. काहीच नसलं तर चूक साठत जाते. त्यामुळे दाट झाडीत, धुक्यात किंवा अंधारात 'सरळ चालत राहिलो तर कुठेतरी पोहोचू' हा हिशेब फसतो. आजीच्या गोष्टीतला माणूस बसला, म्हणजे त्याने ही साठणारी चूक थांबवली.

तुरतुरियातला सव्वा तास

हे सगळं मी वाचायला लागले त्याला एक कारण आहे.

बलौदाबाजार जिल्ह्यात, बारनवापारा अभयारण्याच्या बाजूला तुरतुरिया नावाचं ठिकाण आहे. वाल्मीकींचा आश्रम इथेच होता आणि लव-कुशांचा जन्म इथेच झाला, अशी लोकांची श्रद्धा आहे. झऱ्याचं पाणी तुरतुर आवाज करत पडतं, म्हणून नाव तुरतुरिया. भोवती रान. मार्चअखेरीला आम्ही घरचे अकरा जण दोन गाड्यांनी तिथे गेलो होतो. सकाळी आठला पोहोचलो, दर्शन झालं, डब्यातले पोहे उघडले. साडेनऊच्या सुमाराला वहिनीने विचारलं, "हा कुठे गेला?"

'हा' म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, माझा भाचा. वय वर्षं नऊ. माकडाचं पिल्लू बघायला तो झाडांमागे गेला होता, एवढंच एकाला आठवत होतं.

पुढची पाच मिनिटं मी विसरू शकत नाही. दादा एका दिशेने धावला, काका दुसऱ्या, गाडी चालवणारे मामा तिसऱ्या. प्रत्येक जण जोरजोरात हाका मारत होता. फोनला रेंजची एक कांडी येत होती, जात होती. दहा मिनिटांनी परिस्थिती अशी, की मुलगा सापडला नव्हताच, वर तीन मोठी माणसं कुठे आहेत तेही कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा आमची आत्या, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, उठून उभ्या राहिल्या. "जिथे तो शेवटचा दिसला तिथे एक जण बसा, हलू नका. एकाने मंदिरापाशी जाऊन तिथल्या लोकांना सांगा. बाकीच्यांनी दोघा-दोघांनी जा आणि दर हाकेनंतर गप्प राहून ऐका." वहिनी त्या झाडापाशी बसली. तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

पावणेअकराच्या आसपास लांबून एका बाईचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसती लांबलचक हाळी. थोड्या वेळाने पुन्हा. आम्ही आवाजाच्या रोखाने गेलो. एका मोहाच्या झाडाखाली मोहाची फुलं वेचणारी एक बाई टोपली बाजूला ठेवून बसली होती आणि तिच्या शेजारी आमचा मुलगा. तिने त्याला आपल्या डब्यातलं पाणी दिलं होतं. तो उठायला लागला की ती म्हणायची, "एती-ओती झन जा, बइठे रह." इकडेतिकडे जाऊ नको, बसून राहा.

काकांनी तिला विचारलं, "मंदिर तर जवळच आहे, तिकडे का नाही घेऊन आलात?" तिचं उत्तर साधं होतं. तुम्ही शोधत फिरणार, आम्हीही फिरणार, मग भेटणार कसे? एकाने तरी जागेवर राहायला हवं. शिवाय तो ज्या बाजूने आला होता, त्याच बाजूने तुम्ही येणार हे तिला कळत होतं.

खरी गोष्ट गाडीत कळली. भाचा हळूच मला म्हणाला, "आत्या, मला बाबांची हाक ऐकू आली होती. पण ते ओरडत होते, म्हणून मी लपलो."

म्हणजे हाक त्याच्यापर्यंत पोहोचली होती. तीच हाक ऐकून तो आणखी आत गेला होता. दादा पुढच्या सीटवर बसला होता. त्याने ऐकलं. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग मागे वळून म्हणाला, "अरे, मी रागावलो नव्हतो. मी घाबरलो होतो." नऊ वर्षांच्या मुलाला घाबरलेल्या आणि रागावलेल्या आवाजातला फरक कसा कळणार? मोठ्यांनाही कळत नाही.

हरवलेलं मूल ओ का देत नाही?

नंतर वाचताना कळलं, की यात आमचा मुलगा वेगळा नव्हता. 1981 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पालोमार डोंगरावर एक नऊ वर्षांचा मुलगा हरवला. मोठा शोध घेऊनही तो जिवंत सापडला नाही. त्या शोधात असलेले माग काढण्यात तरबेज अॅब टेलर यांनी त्यानंतर मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्याचं नाव 'हग अ ट्री', म्हणजे 'झाडाला मिठी मार'. हरवलास असं वाटलं की जवळचं एक झाड पकड, त्याच्याशी बोल, हवं तर त्याला मिठी मार, पण तिथून हलू नको. झाड सोबतीला असलं की मुलाची भीती कमी होते आणि ते एका जागी राहतं. शोधणाऱ्यांना एवढंच हवं असतं. या कार्यक्रमात आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगतात: हरवल्याबद्दल कुणी तुला रागावणार नाही. बोलणी बसतील या भीतीने किंवा अनोळखी माणसांना घाबरून मुलं लपून बसतात, हे शोधपथकांना अनुभवाने माहीत आहे.

कोलंबियातली 2023 ची घटना तुम्ही वाचली असेल. 1 मे रोजी अॅमेझॉनच्या जंगलात एक छोटं विमान कोसळलं. त्यातली मोठी माणसं वाचली नाहीत, पण चार भावंडं वाचली. थोरली 13 वर्षांची, धाकटं अकरा महिन्यांचं. ती 40 दिवस जंगलात होती. आदिवासी कुटुंबातली असल्याने कोणती फळं खायची हे थोरलीला घरातून माहीत होतं, आणि विमानातलं कसाव्याचं पीठही त्यांनी सोबत घेतलं होतं. लष्कराने काय केलं, तर मुलांच्या आजीचा आवाज त्यांच्या हुइतोतो भाषेत रेकॉर्ड केला आणि हेलिकॉप्टरवरच्या भोंग्यातून जंगलभर ऐकवला. निरोप असा, की जागेवर थांबा, तुम्हाला शोधतायत. 9 जूनला मुलं सापडली ती अपघाताच्या जागेपासून साधारण 5 किलोमीटरवर. मधल्या काळात शोधपथक काही वेळा त्यांच्या अगदी जवळून निघून गेलं होतं, असं पुढे लष्करी अधिकाऱ्यांनी सांगितलं.

इतकी यंत्रणा, इतके सैनिक, आणि तरी ओळखीचा आवाज लागला. तोही न रागावलेला.

ओढ्याच्या काठाने जावं का?

'वाट चुकलास तर पाण्याच्या कडेने खाली जा, गाव लागतंच', हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यासाठी युलियाना कोपके यांचं उदाहरण दिलं जातं. 24 डिसेंबर 1971 रोजी पेरूमध्ये वीज पडून विमान फुटलं आणि 17 वर्षांची ही मुलगी सीटसकट जंगलात पडली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते, तिचं काही बालपण जंगलातल्या त्यांच्या संशोधन केंद्रात गेलं होतं. ओढा मोठ्या नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसं असतात हे वडिलांनी शिकवलेलं तिने लक्षात ठेवलं, पाण्यातून चालत राहिली आणि अकराव्या दिवशी जंगलात काम करणाऱ्यांच्या झोपडीपर्यंत पोहोचली.

पण हा सल्ला सगळीकडे चालत नाही. सह्याद्रीत तर तो घातक ठरू शकतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. पायऱ्या असाव्यात तशी त्याची रचना. ओढा थोडा सपाट वाहतो आणि मग अचानक कड्यावरून कोसळतो. त्याच्या मागे जाणारा माणूस धबधब्याच्या माथ्यावर अडकतो. निसरड्या खडकावर खाली उतरता येत नाही आणि उतरून आलेलं पुन्हा चढताही येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातला हरिश्चंद्रगड आपल्या ओळखीचा. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे गेलेले सहा जण धुक्यात आणि पावसात वाट चुकले, रात्र उघड्यावर काढावी लागली आणि त्यांतल्या एकाचा थंडीने गारठून जीव गेला. महाराष्ट्रात थंडीने माणूस मरू शकतो, तेही ऑगस्टमध्ये, हे आपल्याला पटत नाही. पण भिजलेले कपडे, वारा आणि थकलेलं शरीर एकत्र आलं की बर्फाची गरज नसते. अंग थरथरतं, बोलणं अडखळतं, मग माणूस विचित्र वागायला लागतो. पावसाळ्यात फिरायला जाताना कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यायचा तो यासाठी.

युलियाना यांना त्यांच्या जंगलाची माहिती होती, कोलंबियातल्या मुलांना त्यांच्या. आपल्यासारख्या शहरातल्यांना ती नसते. म्हणून आपल्याला थांबणंच बरं.

आपलं रान, आपले धोके

छत्तीसगडच्या रानासाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट, मोहाचा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं पडतात. माणसं वेचायला जातात आणि अस्वलंही खायला येतात. अस्वलाचे बरेच हल्ले दोघं अचानक समोरासमोर आल्यामुळे होतात. म्हणून रानात बोलत, आवाज करत चालायचं, पहाटे-संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली आणि दाट झुडपांत जायचं नाही. अस्वल दिसलं तर पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच, तर पालथं पडून दोन्ही हात मानेमागे घट्ट धरायचे. महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळच्या घुंचापालीच्या चंडी मंदिरात अस्वलं येतात, लोक त्यांना प्रसाद देतात, त्याचे व्हिडिओ आपण बघतो. त्यावरून रानातलं अस्वल माणसाळलेलं असतं असं समजू नका.

दुसरी गोष्ट, गुहा. सिनेमात हरवलेला माणूस रात्री गुहेत झोपतो. आपल्याकडे खडकांच्या कपारी आणि गुहा ही अस्वलांची विश्रांतीची जागा. तिकडे जाऊच नका. मोठ्या झाडाखाली, बुंध्याला पाठ टेकून, मोकळ्या जागेच्या कडेला बसा. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो हलवा, कारण साप आणि विंचू तिथेच असतात.

तिसरी गोष्ट, आग. 'शेकोटी पेटवा, धूर बघून लोक येतील' हा सल्ला उन्हाळ्यात आपल्या रानात द्यायचा नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा छत्तीसगडमध्ये वणव्यांचा काळ मानला जातो. वाळलेल्या पानांवर पडलेली एक ठिणगी तुम्हालाच घेरेल.

चौथी गोष्ट, ऊन आणि पाणी. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 45 अंशांपर्यंत जातो. अन्नावाचून माणूस बरेच दिवस काढतो, पाण्यावाचून दोन-तीन दिवस, आणि अशा उन्हात चालत राहिला तर त्याहूनही कमी. म्हणून दुपारी सावलीत बसून राहायचं. अनोळखी फळं खाऊन बघायची नाहीत, भुकेने दोन दिवसांत काही होत नाही. पाणी संपलं आणि ओढा सापडला, तर गढूळ म्हणून तहानलेलं राहू नका. पोट बिघडलं तर त्यावर नंतर उपचार होतील. फक्त पाणवठ्यावर मुक्काम करू नका, संध्याकाळी जनावरं तिथेच येतात. हत्तींचा वावर असलेल्या भागात तर हे जास्तच पाळायचं.

हरवलात, तर क्रमाने काय करायचं?

बचावकाम शिकवणारे एक इंग्रजी शब्द सांगतात, 'स्टॉप'. त्यातल्या चार अक्षरांचे चार अर्थ: थांबा, विचार करा, बघा, ठरवा. मी ते घरच्यांसाठी असं लिहून ठेवलंय.

थांबा. खरोखर खाली बसा. दोन घोट पाणी प्या. घाबरलेल्या पायांना चालायचं असतं, त्यांना दहा मिनिटं चालू देऊ नका.

विचार करा. शेवटची ओळखीची खूण कोणती होती? तिथून किती वेळ चाललो? आपण इथे आलोय हे कुणाला माहीत आहे?

बघा. दिवस किती उरलाय, पाणी किती आहे, कुणाला लागलंय का. फोन बघा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी 112 लावून बघा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क तिथे असेल तर आपत्कालीन कॉल त्यावरून जाऊ शकतो. कॉल लागत नसेल तर मेसेज पाठवा, कमी रेंजमध्येही तो कधी कधी निघून जातो. इंटरनेट नसतानाही फोनचं जीपीएस चालतं, त्यामुळे अक्षांश-रेखांश मेसेजमध्ये लिहिता येतात. मग फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ठरावीक वेळानेच उघडा. रात्री टॉर्च लागणार आहे.

ठरवा. तुम्हाला शोधायला कुणीतरी येणार असेल, तर तिथेच थांबा. तीनदा शिट्टी, मग शांतता, पुन्हा तीनदा शिट्टी. मदतीची ही खूण अनेक ठिकाणी ओळखली जाते. घसा बसतो, शिट्टी बसत नाही. रंगीत ओढणी किंवा टॉवेल उंच फांदीला बांधा. जागेवरून हलायचं ते तिथे धोका असेल तर, किंवा तुम्ही इथे आहात हे जगात कुणालाच माहीत नसेल तर. तसं निघालात तर दगडांचे बाण करत, फांद्यांना गाठी मारत जा आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. परतताना वाट उलट्या बाजूने वेगळीच दिसते.

आणि बरोबरच्या माणसाचं कुणी हरवलं असेल, तर आमच्या आत्याचे नियम लक्षात ठेवा. शेवटच्या जागी एक जण बसलाच पाहिजे. एकट्याने शोधायला जायचं नाही. हाक मारली की ऐकायलाही थांबायचं. आणि 'आधी आपणच शोधू, मग सांगू' असं करत दुपार घालवायची नाही. वन विभागाचे बीट गार्ड आणि गावकरी यांना तासाभरात कळलं तर ते उजेडात शोधू शकतात. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचे स्वयंसेवक रात्रीबेरात्री डोंगरात शिरतात. पण कोण, कुठून, किती वाजता निघालं हे सांगणारं माणूस घरी असावं लागतं.

निघण्यापूर्वी

आमच्या घरी आता सहलीला निघताना चार गोष्टी होतात. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी, अगदी काकांच्याही. आधी ते हसले, आता विसरले तर स्वतःच मागतात. गाडीत बसण्यापूर्वी मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो, म्हणजे शर्टाचा रंग कोणता यावर वाद होत नाहीत. घरी राहणाऱ्या एकाला कुठे जातोय आणि कधीपर्यंत परतणार याचा मेसेज. आणि हाकेचा करार.

हा करार दादाने केला. मुलं दिसेनाशी झाली तर आम्ही नाव घेऊन हाक मारणार आणि लगेच म्हणणार, "रागावलो नाहीये, ओ दे!" हे वाक्य ऐकलं की मुलांनी ओरडून किंवा शिट्टी वाजवून उत्तर द्यायचं. घरी आल्यावरही त्यावरून बोलणी नाहीत, हा कराराचा भाग आहे, आणि दादा तो पाळतो. परवा बाजारात धाकटी दोन मिनिटं दिसली नाही तेव्हा भर गर्दीत तो हेच ओरडला. लोक बघायला लागले. ती दोन दुकानांपलीकडून "ओ!" म्हणाली.

बारनवापारा पावसाळ्यात बंद असतं, नोव्हेंबरात पुन्हा उघडतं. सिरपूर, तुरतुरिया, कांगेर घाटी, सगळीकडे हिवाळ्यात गाड्यांची रांग लागते. तुमचंही कुठेतरी ठरत असेल. जाण्याआधी एखाद्या रात्री जेवताना घरातल्या मुलांना विचारा, "रानात हरवलास तर काय करशील?" बहुतेक मुलं म्हणतील, "तुम्हाला शोधायला जाईन." त्यांना चकव्याची गोष्ट सांगा. मग विचारा, "आणि आम्ही हाक मारली तर ओ देशील ना?" उत्तर यायला वेळ लागला, तर हाक कशी मारायची ते तेव्हाच ठरवून टाका.